हरवलेला कोट आणि वाऱ्यावर उडालेल्या नोटा

सिनेमावरचा लेख आणि तोही आपल्या मासिकात, हे पाहून काही वडीलधारे वारकरी म्हणतील, की घसा बसल्यापासून महाराजांचे चित्त ठिकाणावर राहिलेले नाही. त्यांच्या चरणी एवढेच निवेदन, की मराठी बोलपट जन्माला आला तोच 'अयोध्येचा राजा' या नावाने, १९३२ साली. राज्य, संपत्ती, बायको-पोर सगळे देऊन टाकणाऱ्या हरिश्चंद्राची ती कथा. पुढे चार वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला. विष्णुपंत पागनीसांना पाहून लोक थिएटरात हात जोडत, हे आमच्या घरातली वडील माणसे सांगत असत. तेव्हा पडदा आपल्याला अगदीच परका नाही.

पण आज सांगायचे आहे ते त्याच काळातल्या परदेशी बोलपटांविषयी. चाळीस-पंचेचाळीस वर्षे वीणेपुढे उभा राहिलो. आता आवाज चालत नाही. गेल्या पौषात पुण्यात नातवाकडे होतो. त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही कीर्तनात लोभी माणसाच्या गोष्टी सांगून लोकांना हसवायचात ना? मग हे बघा." आणि त्याने एकामागून एक तीन जुने सिनेमे लावले. दोन फ्रेंच, एक अमेरिकेतला. तिन्ही १९३१ सालचे, तिन्ही पैशावरचे आणि तिन्ही हसवणारे. फ्रेंच संभाषण नातू मराठीत सांगत होता; निम्मे तर न सांगताच कळत होते. लोभाला भाषा लागत नाही.

काळ ध्यानात घ्या. सिनेमाला नुकता आवाज फुटला होता. त्याच सुमारास, १९२९ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. कालचे धनवान आज रस्त्यावर आले, कारखाने बंद पडले, मंदी देशोदेशी पसरत गेली. पैसा काय चीज आहे हे लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. अशा वेळी पैशावर हसायला माणूस तयार असतो. प्रश्न एवढाच, की ते हसणे कुठवर जाते?

हा प्रश्न मनात ठेवून बसलो तेव्हा नाथमहाराजांच्या भागवतातला कुरर पक्षी आठवला. एकादश स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यातला हा एक. चोचीत मांसाचा तुकडा धरून तो उडाला, आणि त्याहून बलवान पक्षी त्याच्या मागे लागले. टोचू लागले. शेवटी त्याने तुकडा टाकला. सगळे पक्षी तुकड्यामागे गेले आणि कुरर निवांत झाला. ही कथा मी कितीदा सांगितली असेल! पण तुकड्यामागे धावणाऱ्यांची धांदल डोळ्यांनी पाहिली ती या पहिल्या सिनेमात.

त्याचे नाव 'ल मिलियों', म्हणजे दहा लाख. दिग्दर्शक रने क्लेर. पॅरिसमधला मिशेल नावाचा एक गरीब चित्रकार. जिन्यात देणेकरी रांग लावून उभे. अशात त्याला लॉटरी लागते. पण तिकीट आहे जुन्या कोटाच्या खिशात, आणि तो कोट त्याच्या प्रेयसीने, बेआत्रिसने, त्याच्यावर रुसून, पोलिसांपासून पळणाऱ्या एका म्हाताऱ्या चोराला देऊन टाकलेला. त्या चोराचे जुन्या कपड्यांचे दुकान. तिथून कोट जातो एका नाटकमंडळीच्या गायकाकडे, कारण त्याला गरिबाची भूमिका करायची आहे आणि त्यासाठी फाटका कोट हवा आहे. मग कोटामागे मिशेल, मिशेलमागे त्याचा मित्र, त्यांच्यामागे चोर, चोरांमागे पोलीस.

या फाटक्या कोटाची गंमत पाहा. खिशात काय आहे हे कळेपर्यंत तो कोणालाही नको होता. बेआत्रिसने तो दान दिला, चोराने विकला, गायकाने सोंगासाठी घेतला. किंमत कळली आणि माणसे पिसाळली. नाटकगृहाच्या मागल्या बाजूला तो कोट या हातातून त्या हातात असा फेकला जातो, की दिग्दर्शकाने त्यावर चक्क चेंडूच्या सामन्यातला आवाज घातला आहे. शिट्टी वाजते, प्रेक्षक ओरडल्याचा गलका होतो, आणि इकडे भारदस्त माणसे एकमेकांच्या अंगावर पडत असतात. आवाज सिनेमात येऊन चार वर्षे झाली नव्हती तेव्हाची ही सूझ. बाकीचे लोक माणसे बोलताना दाखवण्यात दंग होते. या माणसाने आवाजाने दृष्टांत दिला. कीर्तनकार म्हणून मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

देणेकऱ्यांचेही तसेच. ते एकेकटे बोलत नाहीत, घोळक्याने गातात. टाळकऱ्यांनी एका सुरात ध्रुवपद उचलावे तसे. मिशेल कफल्लक होता तोवर त्यांचा सूर तगाद्याचा होता. लॉटरी लागली म्हणताच तोच घोळका आर्जवाने गाऊ लागतो, मेजवानीची तयारी करतो. माणूस तोच, जिना तोच. बदलली फक्त एक बातमी. हे बघून हसताना मला देहूचे खातेपत्र आठवले. तुकोबाराय स्वतः सावकार घराण्यातले. त्यांच्या वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. मिशेलच्या जिन्यातला एकही देणेकरी आपला कागद नदीत सोडणारा नाही. देणे फिटणार ही खात्री झाल्यावरच त्यांच्या तोंडावर प्रेम उमटते.

आता या सिनेमातला जो प्रसंग मला झोपू देईना, तो सांगतो. रंगमंचावर नाटकातला गायक आणि गायिका प्रेमाचे युगुलगीत गात आहेत. पडद्याआड ही दोघे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हती, उखाळ्यापाखाळ्या काढत होती. पडदा वर गेला आणि गळ्यातून मध झरू लागला. त्याच वेळी मिशेल आणि बेआत्रिस चुकून रंगमंचावर अडकलेले आहेत, देखाव्याच्या आड लपून बसलेले. दोघांत अबोला आहे. पण कानावर ते गीत पडते, शब्द आपल्यासाठीच म्हटले आहेत असे वाटू लागते, आणि गाणे संपेपर्यंत दोघांचे मन जुळते. ज्यांनी गायिले ते कोरडे राहिले. ज्यांनी ऐकले ते भिजले.

नातू हसत होता. मी हसू शकलो नाही. कारण मी त्या गायकाच्या जागी उभा राहिलेला माणूस आहे.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या सप्ताहात माझे कीर्तन होते. गावाचे नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. दृष्टांताला भागवतातल्या तेविसाव्या अध्यायातला कदर्यू घेतला होता. अवंतीचा तो कंजूष ब्राह्मण. ना स्वतः खाई, ना पाहुण्याला घाली. पैशापोटी पंधरा अनर्थ जन्मतात हे त्याला सारे धन गेल्यावर उमगले. मी त्यात माझी भर घालत असे. दिव्याला तेल जळू नये म्हणून तो अंधारात बोटांनी नाणी कशी मोजतो, याची नक्कल करत असे. त्या रात्री मंडप हसून लोटपोट झाला. आरती झाली, नारळ मिळाला, पाकीट मिळाले. तुकोबांची शिस्त अशी, की कीर्तन केले त्या ठिकाणचे अन्नसुद्धा घेऊ नये. आणि आम्ही पाकीट कोपरीच्या खिशात घातले आणि रात्रीच्या एसटीत बसलो.

गाडीतले दिवे मालवले होते. माझा हात खिशात गेला. पाकीट फोडून मी आतल्या आत नोटा बोटांनी मोजल्या. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. वाटल्या होत्या त्याहून कमी निघाल्या. शेजारी माझा टाळकरी पोरगा बसला होता. तो म्हणाला, "महाराज, झोप येत नाही का?" मी म्हणालो, "नाही रे, गाडी हादरते आहे." दोन तासांपूर्वी याच बोटांनी मी कदर्यूची नक्कल केली होती. ती नक्कल एवढी बेमालूम का वठत असे, हे मला त्या गाडीत कळले. ती मला शिकावी लागली नव्हती.

म्हणून 'ल मिलियों'चा शेवट मला खटकला. सगळे हरले असे वाटत असताना तो म्हातारा चोर स्वतः येऊन तिकीट परत करतो. चोर सगळ्यांत सज्जन निघावा, ही गोष्ट मला आवडली. वाल्याची परंपरा सांगणाऱ्याला ती आवडणारच. मग सगळे हात धरून नाचतात. घेणेकरी आणि देणेकरी एका फेरात. क्षणभर काल्याचा भास झाला. पण काल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते, कोणाची केवढी हा हिशेब उरत नाही. इथे नाच आहे तो तिकीट सापडले म्हणून. सापडले नसते तर याच माणसांनी मिशेलला जिन्यावरून खाली ढकलले असते. दिग्दर्शकाने लोभाला ऐंशी मिनिटे धावायला लावले, हसवले, आणि शेवटी त्याच्या पदरात दहा लाख टाकून घरी पाठवले. कुररच्या चोचीत तुकडा परत आला. प्रेक्षक सुखावतो, आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढायला जातो.

असे मला वाटले तसे त्या दिग्दर्शकालाही वाटले असावे, असे वाटण्याजोगा त्याचा दुसरा सिनेमा आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला. त्याच्या नावाचा अर्थ 'स्वातंत्र्य आमचे' असा काहीसा. लुई आणि एमिल हे दोन कैदी. तुरुंगात रांगेने बसून लाकडी घोडे बनवतात. पळून जाताना एमिल अडकतो, लुई सुटतो. पुढे लुई ग्रामोफोनच्या धंद्यात पडतो आणि अवाढव्य कारखान्याचा मालक होतो. त्याच्या कारखान्यातले कामगारही रांगेने बसतात, तसेच हात हलवतात, तसाच पहारा. तुरुंग आणि कारखाना यांत फरक उरत नाही, आणि मालक स्वतः त्यातला सर्वांत मोठा कैदी. पाच वर्षांनी चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये असाच कामाचा पट्टा दिसला, तेव्हा या सिनेमाच्या कंपनीने चॅप्लिनवर उचलेगिरीचा दावा लावला. पण खुद्द क्लेर त्यात सामील झाला नाही. चॅप्लिनने माझ्याकडून काही घेतले असेल तर तो माझा मानच, अशी त्याची भूमिका होती. लोभावर सिनेमा काढणाऱ्याने असे वागावे, हे मला सिनेमाइतकेच मोलाचे वाटले.

शेवटाकडे नव्या कारखान्याचे उद्घाटन आहे. यंत्रे आता आपोआप चालणार. उंच काळ्या टोप्या घातलेले प्रतिष्ठित जमले आहेत, भाषणे चालू आहेत. लुईने कारखाना कामगारांना देऊन टाकला आहे. वारा सुटतो आणि त्याच्या पेटीतल्या नोटा अंगणभर उडू लागतात. टोपीवाल्यांची प्रतिष्ठा त्या वाऱ्यापुढे किती वेळ टिकते, ते पडद्यावरच पाहावे. वाकतात, धावतात, आपटतात. 'ल मिलियों'मध्ये कोटामागे गरीब धावत होते; इथे ज्यांच्याजवळ आधीच आहे ते धावतात. हा फरक मोठा आहे. गरिबाच्या हावेवर हसणे सोपे. आमच्या कीर्तनातही तेच सोपे असते. पुढे गादीवर बसलेल्या यजमानावर कोण बोलतो?

लुई आणि एमिल सगळे सोडून मोकळ्या रस्त्याने भटकत निघतात. गाणी म्हणत. तेवढ्यात एक झकपक मोटार शेजारून जाते. लुई थांबतो. त्याची नजर मोटारीमागे जाते. कधीकाळी आपलीही होती. एमिल काय करतो? त्याला मागून एक लाथ घालतो. लुई भानावर येतो आणि दोघे चालू लागतात.

माउली, त्याग एकदा करून भागत नाही, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दृष्टांत मला माझ्या कीर्तनात कधी सापडला नाही. घर सोडता येते. घराकडे वळून पाहणारी मान सोडवत नाही. सत्संग म्हणजे दुसरे काय? वेळेवर लाथ घालणारा सोबती. माझ्या शेजारी एसटीत तसा सोबती बसला होता, त्याने विचारलेही होते. मीच खोटे बोललो.

या सिनेमाशी माझे एक भांडण मात्र आहे. कारखाना मिळाल्यावर कामगार काय करतात? यंत्रे राबतात आणि ते पत्ते खेळतात, गळ टाकून मासे धरतात, नाचतात. म्हणजे काम हीच बेडी, आणि काम सुटले की मुक्ती. हे आपल्याला पटणारे नाही. सावतोबांना पांडुरंग मळ्यात भेटला, गोरोबांना चिखल तुडवताना. काम बांधत नाही, कामातली हाव बांधते. क्लेरने लुईला हावेतून सोडवले, पण कामगारांना नुसतेच कामातून सोडवले. रिकाम्या हातात उद्या काय येईल, हे तो विचारत नाही.

तिसरा सिनेमा चॅप्लिनचा, 'सिटी लाइट्स'. बोलपटाच्या लाटेत या माणसाने बोलायचे नाकारले. संगीत आहे, आवाज आहेत, संभाषण नाही. सुरुवातीलाच शांती आणि समृद्धीच्या नावाने उभारलेल्या पुतळ्याचे अनावरण होते. पुढाऱ्यांची भाषणे म्हणजे नुसते चीं-चीं, पिपाणी वाजावी तसे. आणि पडदा सरकतो तर समृद्धीच्या मांडीवर एक बेघर भटक्या झोपलेला. बोलक्या सिनेमाची आणि बोलक्या समाजाची एकाच फटक्यात केलेली ही टिंगल आहे.

या भटक्याला दोन माणसे भेटतात. एक कोट्यधीश, जो दारू पिऊन जीव द्यायला निघाला होता आणि भटक्याने त्याला वाचवले. तो प्यायलेला असला की भटक्याला मिठी मारतो, मोटार देतो. शुद्धीवर आला की ओळखत नाही, हाकलून देतो. उलटे नाही का? माणुसकी नशेत आणि कंजुषी शुद्धीत. पैशाचीच नशा इतकी खोल, की ती उतरायला दुसरी नशा लागते. दुसरी भेटते ती फुले विकणारी आंधळी मुलगी. ती त्याला श्रीमंत समजते. तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठी तो रस्ता झाडतो, मुष्टियुद्धात मार खातो. शेवटी कोट्यधीश नशेत त्याला हजार डॉलर देतो, शुद्धीवर येताच नाकारतो, आणि भटक्यावर चोरीचा आळ येतो.

तो धावत मुलीकडे जातो. पैसे तिच्या हातात ठेवतो. पण एक नोट हळूच आपल्या खिशात ठेवून घेतो. मुलगी कृतज्ञतेने त्याच्या हाताचे चुंबन घेते. तो थबकतो, आणि ती राहिलेली नोटही काढून तिच्या हातावर ठेवतो.

ही एक नोट नसती तर तो संत ठरला असता आणि मी त्याला लांबून नमस्कार करून मोकळा झालो असतो. ती नोट त्याने खिशात घातली, म्हणून तो माझा झाला. आणि ती परत काढली, म्हणून माझा गुरू झाला. पुढे तो तुरुंग भोगून, चिंध्या लेवून बाहेर येतो. मुलीला दृष्टी आली आहे, तिचे दुकान आहे. ती त्या भिकाऱ्याला पाहून हसते, मग दया येऊन एक फूल आणि एक नाणे देऊ करते. नाणे देताना त्याचा हात तिच्या हातात येतो, आणि बोटांना ओळख पटते. डोळे आले तेव्हा तिला दिसला नव्हता, स्पर्शाने दिसला. ती ज्याच्यावर हसली तोच तिचा उपकारकर्ता होता. सबंध सिनेमाभर आपणही त्याच्यावरच हसत आलेलो असतो.

तिन्ही सिनेमांत पैशाचे काय झाले ते एकदा पाहा. पहिल्यात तो सापडला. दुसऱ्यात तो उडाला. तिसऱ्यात तो देऊन टाकला गेला. तुकोबाराय धनाला नको म्हणत नाहीत. सचोटीने जोडा आणि मन न गुंतवता वेचा, असे त्यांचे सांगणे. वाऱ्याने नोटा उडाल्या तर हात रिकामा होतो, मन होईलच असे नाही. म्हणून लुईला लाथ लागली. हाताने दिल्या तर दोन्ही रिकामे होतात. म्हणून कलेच्या चातुर्यात पहिला सिनेमा मला सरस वाटला तरी, सप्ताहात सांगायचा झाला तर मी तिसरा सांगेन.

आजचे तरुण कीर्तनकार माझ्याकडे आशीर्वादाला येतात. तारखा मोबाइलवर ठरतात, आकडाही आधी ठरतो. त्यांना बोल लावायचा अधिकार मला नाही. प्रवास, टाळकरी, घरसंसार, सगळ्याला पैसा लागतो हे मीही जगलो आहे. मी त्यांना एवढेच सांगतो, की बाबांनो, लोभी माणसाची नक्कल करून मंडप हसवाल तेव्हा घरी जाताना वाटेत एकदा आपल्या हाताकडे लक्ष द्या. तो कुठे आहे ते पाहा. आणि ऐकणाऱ्या माउलींनाही तेच विनवतो, कारण हसताना आपण सगळे त्या मंडपात शेजारी शेजारीच बसलेलो असतो.

तो टाळकरी पोरगा आता स्वतः कीर्तन करतो. परवा भेटायला आला होता. त्या रात्री गाडी हादरत नव्हती, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "महाराज, मला तेव्हाच ठाऊक होते."

रामकृष्ण हरी.